तांदळाच्या डब्याखालचं जहाज

"म्हणजे जहाज बुडालंच नाही?"

सुतार स्टुलावर उभा होता. काखेत तांदळाचा डबा, हातात पेचकस, आणि मान वाकडी करून तो फळीवर चिकटवलेला कागद वाचत होता. कागद पिवळा पडलेला, पण वर बोटभर उंचीच्या काळ्याभोर अक्षरांत मथळा, त्याखाली एक बारीक ओळ, बाकी सगळा कोरा.

"डोळे चांगले आहेत ना तुझे? काय लिहिलंय ते वाच की."

"'महाकाय जहाज डौलात समुद्रात!'" त्याने वाचलं. "पण आजी, ते तर धक्क्यावरून सोडलं आणि तिथंच आडवं झालं. माझे वडील बघायला गेले होते. बँड वाजतोय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि जहाज आपलं खाली खाली. बँडवाल्यांना वाटलं असंच असतं. ते वाजवतच राहिले."

"तुझे वडील लवकर घरी आले असतील."

"काहीतरीच काय, आजी!"

"अरे, जहाज जे निघालं ते आजपर्यंत थांबलेलं नाही. बांधणाऱ्यांनी सगळं लक्ष ते बुडू नये याकडे दिलं, आणि थांबवायची सोय करायची राहूनच गेली. बंदरं आली, गेली. लोकांनी रुमाल हलवले, कप्तानाने टोपी हलवली. टोपी हलवून हलवून त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला. आत बसलेल्यांची तिथंच लग्नं झाली, पोरं झाली. त्या पोरांना जमीन म्हणजे काय ते कुंडीत दाखवतात."

"आणि खातात काय?"

"मासे. ते स्वतःच उडी मारून येतात. एवढं मोठं जहाज पुढे निघून गेलं की माशांनाही मागे राहायची लाज वाटते."

सुतार स्टुलावरून खाली उतरला आणि स्टुलावर बसला. मला तेच हवं होतं.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्हीही डबा काखेत धरून बसाल.

आमचे हे वर्तमानपत्राच्या छापखान्यात मथळे जुळवायचे. आता बटणं दाबली की झालं, पण तेव्हा एकेक अक्षर हाताने उचलून ओळीत बसवावं लागायचं. बारीक अक्षरं शिशाची, त्यांना खिळे म्हणायचे. मोठ्या बातमीची मोठी अक्षरं लाकडाची. ही लाकडी अक्षरं मोजकीच असायची, आणि यांच्याशिवाय त्यांना कोणी हात लावलेला यांना चालत नसे. आणि छापखान्याची एक रीत होती. कुठलीही गोष्ट लोंबकळत असली, म्हणजे सामना चालू आहे, निकाल यायचाय, वादळ येईल की नाही ठाऊक नाही, तर मथळे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून ठेवायचे. एक जुळवायचा, त्याचा कागदावर ठसा काढायचा, साहेबांची मान डोलली की मोडायचा आणि त्याच अक्षरांतून दुसरा जुळवायचा. पुढे खरं काय घडलं ते कळलं की त्याप्रमाणे पान छापायला सोडायचं. ऐनवेळी कोणी शब्दांवरून भांडत बसायला नको.

म्हणून छापखान्यात यांना सगळे 'दोन्हीवाले' म्हणायचे. नाव फुकट पडलं नव्हतं. घरातून निघताना छत्री आणि उन्हाची टोपी, दोन्ही. मला लग्नाचं विचारायला आले तेव्हासुद्धा दोन चेहरे घरून तयार करून आणले होते, ही हो म्हणाली तर हा, नाही म्हणाली तर तो. मी म्हटलं, "बघू." त्याची तयारी नव्हती. तेव्हा जो चेहरा झाला, तोच पुढे जन्मभर राहिला. वाईट नव्हता.

तर जो मथळा लागायचा नाही, त्याचा ठसा हे घडी करून घरी आणायचे. रद्दीत टाकायला यांचा जीव व्हायचा नाही. "एवढा नीट जुळवलाय," म्हणायचे. "घडलं नाही हा काय त्याचा दोष?" मग पिठाची खळ करून तो स्वयंपाकघरातल्या फळीला चिकटवायचे. झालं असं की घडलेला सगळा इतिहास दारात पडायचा आणि न घडलेला आमच्या डब्यांखाली जमायचा. आणि नुसता मथळा वाचून कोणाचं पोट भरतं? खालची बातमी मी सांगायचे. मुलगा लहान असताना त्याला सांगितली, मग शेजारच्या पोरांना, मग नातीला. दर वेळी थोडी वाढायची. बातमीला वाढतं अंग असतं.

नातीला आम्ही स्वल्पी म्हणतो. जन्मली तेव्हा अशी मुडपून झोपायची की हे म्हणाले, "हा तर स्वल्पविराम." तर या स्वल्पीला मागच्या महिन्यात परीक्षेत प्रश्न आला, आपल्या बंदरातलं पहिलं मोठं जहाज का बुडालं, कारणे लिहा. पोरीने लिहिलं, 'जहाज बुडालं नाही. ते आमच्या तांदळाच्या डब्याखाली आहे.'

शाळेतून निरोप आला. सूनबाई कामावर, मुलगा कामावर, म्हणून मी गेले. तिथंच चुकलं. बाईंनी विचारलं, "जहाज बुडालं नाही असं हिला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "वर्तमानपत्राने." मग त्यांना जहाजाची अख्खी हकिगत सांगितली, कप्तानाच्या लांब हातासकट. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. फार छान बाई आहेत. हसून झाल्यावर त्यांनी पोरीला शून्य दिलं ते दिलंच.

सूनबाई हसली नाही. तिचंही बरोबर आहे. ती औषधांच्या दुकानात आहे. तिथं बाटलीवर जे लिहिलंय तेच बाटलीत असावं लागतं, नाहीतर माणूस मरतो. "आई," ती म्हणाली, "पोरगी उद्या हे डॉक्टरीच्या परीक्षेत लिहील." आणि ठरलं. जुन्या फळ्या काढायच्या, दारांची नवी कपाटं बसवायची. आमच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवाल ते," आणि डबा घेऊन पळाला. तो पण बापावर गेलाय.

मी मान डोलावली. फळ्या जुन्या झाल्या होत्या हेही खरंच. जहाज जावो, वादळ जावो, माझ्या तोंडात सगळं आहे. फक्त एक फळी जाऊन चालणार नव्हतं. शेगडीजवळच्या कोपऱ्यात खाली एक बुटकी फळी आहे, मिठाच्या डब्याची. तिच्यावर यांनी काढलेला शेवटचा ठसा आहे. खळ अशी पक्की की कागद सोडवायला गेलं तर चिंध्या होतील. म्हणजे ठेवायची तर फळीच ठेवायला हवी.

मग सुनेला सांगायचं होतं ना, म्हणाल. सांगितलं असतं तर तिने लगेच ठेवली असती. काच लावून भिंतीवर टांगली असती. मला ती भिंतीवर नको होती, मिठाच्या डब्याखाली हवी होती. आणि माझं तोंड उघडलं की त्यातून काय बाहेर येईल याचा भरवसा नाही. गोष्ट आली तर ठीक. दुसरं काही आलं असतं तर?

म्हणून मी साधा बेत केला होता. सुतार आज एकच दिवस मिळाला होता. उद्यापासून तो दुसरीकडे जाणार, आणि एकदा हातातून सुटलेला सुतार पुन्हा कधी सापडतो? त्याला संध्याकाळपर्यंत बोलण्यात गुंतवला की मिठाची फळी आपोआप वाचत होती.

छापखान्याची रीत मी त्यालाही सांगितली, आणि सुतार गुंतायला तयारच होता. पोटाने मोठा, आवाजाने बारीक, आणि कानाला पेन्सिल.

"खिळे जुळवायचे म्हणालात, ते कुठले? दीड इंची?" त्याने विचारलं.

"अरे, अक्षरांचे. शिशाचे."

"आणि मोठी अक्षरं लाकडाची? कुठलं लाकूड?"

"ते मला काय ठाऊक! पण हातात घेतली की साबणासारखी गुळगुळीत. हे त्यांना तेल लावायचे. स्वतःच्या डोक्याला कधी लावलं नाही."

तो खूश झाला. पुढची फळी त्याने स्वतःच निवडली. साखरेचा डबा उचलला आणि मोठ्याने वाचलं, "'वादळाचा तडाखा! शहर उद्ध्वस्त!' हे कधी झालं?"

"झालं नाही. सगळे खिडक्यांना फळ्या ठोकून बसले आणि नुसता वारा येऊन गेला. पण फळीवर आलं."

"मग काय झालं फळीवर?"

"सगळ्या घरांची छपरं उडाली. एकूण एक. वर जाऊन गोल गोल फिरली आणि खाली आली, पण अदलाबदल होऊन. शिंप्याच्या घरावर शाळेचं छप्पर, शाळेवर दवाखान्याचं. पहिल्या दिवशी लोकांनी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, नवीन छप्पर आपल्या जुन्यापेक्षा बरं आहे. आपलं गळत होतं, हे गळत नाही. जो तो मनात म्हणतोय, आपण फसवलं बरं का, गप्प बसा. सगळं शहर गप्प. नगरपालिकेने विचारलं, कोणाची तक्रार? कोणाची नाही."

"असं कसं? कोणाच्या तरी वाट्याला गळकं आलंच असेल ना? गळकी छपरं गेली कुठं?"

सुतार असला तरी डोकं होतं.

"ती सगळी घरमालकाच्या घरावर," मी म्हटलं. "एकावर एक."

तो इतका हसला की स्टूल करकरलं. "आमच्या मालकाला हे सांगितलं पाहिजे," म्हणाला. "दोन वर्षं झाली, कौलं बदलतो म्हणतोय."

तेवढ्यात फोन वाजला. सूनबाई.

"आई, कुठवर आलंय?"

"साखरेपर्यंत."

"सकाळी तांदळापर्यंत होतं."

"म्हणजे पुढे सरकलंय की."

"मिस्त्रींना द्या बरं फोन."

सुताराने फोन कानाच्या पेन्सिलीवर धरला, मग दुसऱ्या कानाला लावला. "हो वहिनी. नाही वहिनी. जरा वादळामुळे... नाही, बाहेर ऊन आहे. हो. होऊन जाईल संध्याकाळच्या आत." फोन ठेवून तो माझ्याकडे बघायला लागला. "आजी, तुम्ही मला मुद्दाम बसवून ठेवताय का हो?"

"मी? मी म्हातारी बाई. मला काय कळतंय."

"नाही, माझी आजी पण अशीच म्हणायची."

आणि मग तो कामाला लागला. काय सांगू तुम्हाला, त्या माणसाला काम येत होतं. मला वाटलं होतं, बोलका माणूस म्हणजे आळशी असणार. चुकीचा अंदाज. त्याने तांदळाची आणि साखरेची फळी उतरवली, भिंतीतल्या खुंट्या काढल्या, नवं कपाट उचलून तिथं बसवलं, दार उघडून मिटून बघितलं, आणि मी पाणी प्यायला उठून परत येईपर्यंत तो पिठाच्या फळीवर पोचला होता.

मी भांडं ओट्यावर ठेवलं.

"अरे, ते वाच तरी," मी म्हटलं.

"वाचतो आणि काढतो. 'सिंह अजून मोकळाच! घराबाहेर पडू नका!'" हात चालूच. "हा सर्कशीतला? तो तर सापडला होता ना? न्हाव्याच्या दुकानात, आरशासमोर बसलेला."

"तो दुसरा."

"दुसरा सिंह?"

"पहिला कुठं गेला ते विचार." मी आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की माणसाचे हात थांबतात, हा माझा अनुभव आहे. थांबले. "पहिला गेला सरकारी कचेरीत. जाऊन रांगेत उभा राहिला. रांग होती दारापर्यंत, ती एका क्षणात सरळ झाली. कोणी मध्ये घुसेना, कोणी ढकलेना. खिडकीवरचा कारकून दुपारच्या जेवणाला उठणार होता, तो बसला. त्या दिवशी कचेरीतली सगळी कामं झाली. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कसं घडलं? कळलं तेव्हा त्यांनी सिंहाला कायम करून टाकलं."

"नोकरीत?"

"मग! रोज वेळेवर यायचा. बोलायचा नाही, टेबलावर फक्त पंजा ठेवायचा. तीस वर्षांत एक रजा नाही. शेवटी शेवटी दात पडले होते बिचाऱ्याचे, पण ते लोकांना माहीत नव्हतं. निरोपाच्या दिवशी त्याला मनगटी घड्याळ दिलं. बसेना, म्हणून शेपटीला बांधलं."

सुतार पोट धरून हसला. हसला आणि हसता हसता पिठाची फळीसुद्धा उतरवली. हसताना ज्याचे हात चालतात अशा माणसापुढे काय करायचं? माझ्या गोष्टींना एवढा कामसू श्रोता कधी भेटला नव्हता. मी सामन्याची फळी सांगितली, आपला संघ जिंकतो आणि गोलकीपरला लोक महापौर करतात आणि मग त्याच्यापर्यंत आलेली एकही तक्रार तो आत जाऊ देत नाही, ती. ऐकली, हसला, काढली. बंद पडलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याची सांगितली. काढली. एकेक नवं कपाट भिंतीवर चढत होतं, पांढरं स्वच्छ, दाराआड काय आहे ते कोणाला दिसू नये असं. जुन्या फळ्या दाराशी उभ्या करून ठेवल्या होत्या, कागद भिंतीकडे.

ऊन खिडकीतून सरकत ओट्याच्या कडेला आलं आणि तो खाली वाकला.

"आता ही बुटकी राहिली."

"ती राहू दे," मी म्हटलं.

"का?"

"तिच्यात मुंग्यांचं घर आहे."

"मग तर आधीच काढली पाहिजे. नव्या कपाटात शिरतील."

"मुंग्या गेल्या. ती... ती भिंतीला आधार आहे रे. काढलीस तर भिंत खाली येईल."

"आजी, भिंत विटांची आहे."

"तुला काय ठाऊक? तू लाकडातला."

तो हसला, आणि त्याला वाटलं हाही खेळच. माझंच चुकलं. दिवसभर जहाजं आणि सिंह सांगितल्यावर माझं कुठलं बोलणं खरं धरायचं ते त्या बिचाऱ्याला कसं कळावं? त्याने मिठाचा डबा उचलून बाजूला ठेवला. खालच्या कागदावर डब्याच्या बुडाचं गोल वळं उमटलेलं होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने वाचलं.

"'स्वारी सुखरूप घरी परतली!'" मग खालची ओळ. "'आल्या आल्या चहात साखर कमी असल्याची तक्रार.'" त्याने तोंड वर केलं. डोळे आधीच हसायला तयार. "कोणाची स्वारी, आजी? राजाची?"

मी मिठाचा डबा जवळ ओढला.

"सांगा ना. मग पुढे काय झालं?"

मी स्टुलावर बसले. आता स्टूल रिकामं होतं.

"पुढचं नंतर. आधी काय झालं ते सांगते," मी म्हटलं. "यांना छातीचं दुखणं झालं. डॉक्टर म्हणाले, कापावं लागेल, आणि अर्धी शक्यता अशी, अर्धी तशी. हे एवढे खूश झाले. म्हणाले, डॉक्टरही दोन्हीवाले निघाले! आणि दवाखान्यात जायच्या आधी उठून छापखान्यात गेले. तेव्हा तिथं सगळं यंत्रावर होत होतं, पण लाकडी अक्षरांची पेटी कोपऱ्यात ठेवलेली होती, यांच्याचसाठी. घरी आले, शर्टाच्या आतून कागद काढला. ओला होता अजून. हाच. मी वाचला. मग मी हात पुढे केला. म्हटलं, दुसरा?"

सुताराने कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली होती.

"जन्मभर दोन काढले होते रे. भाजी आणायला पाठवलं तरी दोन पिशव्या नेणारा माणूस. मी म्हटलं, दुसरा कुठंय? तर छताकडे बघत म्हणाले, 'अक्षरं कमी पडली.'"

नळ गळत होता, त्याचा आवाज आला.

"मोडून पुन्हा जुळवतात ना पण?" सुतार हळूच म्हणाला. "सकाळी तुम्हीच सांगितलंत. त्याच अक्षरांतून दुसरा."

"हो ना."

"मग कमी कशी पडतील?"

"तेच तर."

तो पुन्हा कागदाकडे बघायला लागला. मी पण. मीच चिकटवला होता तो, यांच्यासारखी खळ करून. थोडा वाकडा लागलाय. जो मथळा लागत नाही त्याची जागा फळीवर, हे घरात ठरलेलंच होतं.

सुतार म्हणाला, "आणि फळीवर? फळीवर पुढे काय झालं?"

आता या मथळ्याची बातमी मी कोणालाच सांगितलेली नव्हती. स्वल्पीलाही नाही. मला वाटलं होतं, ती मला येणारच नाही. पण आली.

"फळीवर काय व्हायचंय," मी म्हटलं. "घरी आले. चपला दाराच्या मधोमध काढल्या, मी अडखळले. चहा दिला. म्हणाले, साखर कमी आहे. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणाले, डॉक्टरांना काय कळतंय. मग खिडकीत बसले."

"आणि?"

"आणि म्हणाले, नळ गळतोय. बघतो उद्या. पुन्हा म्हणाले, बघतो उद्या. अजून म्हणतातच आहेत."

सुताराने नळाकडे पाहिलं. थेंब जमत होता, लांब होत होता, पडत होता. "मी बघू का? पाना आहे माझ्याकडे."

"नको. ते बघतो म्हणालेत ना."

तो हसला नाही. दिवसभरात या एकाच बातमीला तो हसला नाही. त्याने हाताने गुडघे झटकले, बुटकी फळी सोडवली, खिशातल्या टेपने मोजली आणि तिच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारली. मी डोळे मिटून घेतले. करवतीचा आवाज आला, थोडासाच. मग ठोकल्याचा.

सूनबाई आली तेव्हा उजेड होता. मागून स्वल्पी, पाठीवर दप्तर. सूनबाईने पिशवी खाली ठेवली आणि तपासणी सुरू केली. ती कपाटं अशी बघते जशी औषधाची बाटली बघते, वरून, खालून, उलटी करता आली असती तर उलटी करून. दारं उघडली, मिटली. "छान झालंय हो, मिस्त्री." सुतार मान खाली घालून हत्यारं पेटीत भरत होता. इतकं गप्प राहताना त्याला कोणी बघितलं नसेल.

मग तिने शेगडीजवळचं खालचं दार उघडलं.

आत सगळं पांढरं, नवं, गुळगुळीत. आणि मधोमध एक काळपट जुनी फळी, दोन्ही बाजूंनी बोट बोटभर कापून घट्ट बसवलेली. कागदासकट. मथळ्याला जराही धक्का न लावता.

"हे काय?"

सुताराने पेटीचं झाकण लावलं. "फळी कमी पडली, वहिनी," तो म्हणाला. "म्हणून जुनीच लावली."

दाराशी जुन्या फळ्यांच्या शेजारी एक कोरी नवी फळी उभी होती. कागदाचं वेष्टनही काढलेलं नव्हतं. सूनबाईने तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसून कागद वाचला. एकदा वाचला, मग बोटाने खालची ओळ वाचली. त्या दिवशी दवाखान्यात आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो, ती आणि मी, आणि स्वल्पी तिच्या मांडीवर मुडपून. मी ओट्याचा कोपरा पुसत होते. तो स्वच्छच होता.

"काय लिहिलंय, आई?" स्वल्पीने मान घुसवली. "'स्वारी सुखरूप...' हे कधी झालं? हे इतिहासात येतं का?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "हे परीक्षेला नाही."

तिने मिठाचा डबा घेतला, बूड हाताने पुसलं आणि बरोबर त्या गोल वळ्यावर नेऊन ठेवला. जरा तिरका बसला, तर फिरवून सरळ केला.

"या बाकीच्या फळ्या टाकणार असाल तर मला न्यायच्यात," सुतार म्हणाला. "माझ्या घरी लावतो. सिंहाची दारासमोर. मालक येतो तिथून." आणि जहाज, वादळ, सिंह, गोलकीपर, सगळा इतिहास एका दोरीने बांधून त्याने खांद्यावर घेतला. नवी फळीही उचलली, कारण ती उरलेली आहे हे आता कोणालाच दिसायला नको होतं. जिन्यावरून त्याचा बारीक आवाज ऐकू येत होता. खालच्या मजल्यावर कोणाला तरी तो सांगत होता की ते जहाज बुडालंच नव्हतं, त्याच्या वडिलांनी घाई केली.

"बसा, आई," सूनबाई म्हणाली. "चहा करते."

तिने केला. आम्ही दोघी खिडकीत बसून प्यायलो. नळ गळत होता. चहात साखर कमी होती, पण मी काही बोलले नाही. ती तक्रार आधीच छापून झाली होती.